हेमलता बिराजदारचा खटका

हेमलता बिराजदार चूक शोधायला बसली की चूक स्वतःच हात वर करून उभी राहते, असं लातुरात म्हणत. म्हणणारे बहुतेक तिचेच विद्यार्थी होते आणि त्यात कौतुक कमी, धसका जास्त होता. सत्तावीस वर्षं तिनं एकच विद्या शिकवली. सर्व्हरवर चालणारे धंद्याचे प्रोग्रॅम बांधायचे कसे, आणि बांधून झाल्यावर ते मोडून बघायचे कसे.

"मोबाइलवर दिसतो तो प्रोग्रॅमचा चेहरा," ती पहिल्याच तासाला सांगायची. "चेहऱ्याला पावडर कुणीही लावतं. ऑर्डर आली, नोंद झाली, माल निघाला, तारीख पडली, हे सगळं पाठीमागे सर्व्हरवर घडतं. तिथली चूक कुणाला दिसत नाही, भोगावी मात्र लागते. इथं बसायचं तर संशयी व्हा. भोळ्या माणसांनी भजनी मंडळात नाव घालावं."

त्या सोमवारी नवी बॅच बसली. एकेचाळीस जण. हेमलता हजेरी घेत होती आणि एकोणिसाव्या नावाला तिची जीभ अडली.

"शिवलीला..." ती म्हणाली, आणि आडनाव गिळलं. आडनाव तिचंच होतं.

"हजर," तिसऱ्या बाकावरून आवाज आला.

धाकटी जाऊ! हेमलतानं मान वर केली नाही. अकरा वर्षं दोघींत शब्द नव्हता. जावा-जावा उभा दावा, हे खरंच. पण दावा बहुधा घरासाठी, भांड्यांसाठी, सासूच्या पाटल्यांसाठी असतो. यांचा एका तारखेवरून होता.

हेमलताच्या मुलीचा साखरपुडा होता. पत्रिकेचा मजकूर हेमलतानं स्वतः तपासला होता, तोही दोनदा. पत्रिका छापून आली, घरात वाटायला काढली, आणि शिवलीला सगळ्यांसमोर म्हणाली, "अक्का, चौदा मे रविवारी न्हाई, शनिवारी येतो की." सोपं होतं. चारशे पत्रिकांवर पेनानं एक शब्द खोडायचा होता. पण खोली माणसांनी भरलेली, आणि जगाच्या चुका काढणाऱ्या बाईची चूक काढली कुणी, तर बारावीनंतर शाळा सोडलेल्या जावेनं. हेमलता म्हणाली, "मी तपासलीय. म्हणजे बरोबरच आहे." पत्रिका तशाच गेल्या. अर्धे पाहुणे शनिवारी आले, अर्धे रविवारी. छापखान्याची चूक, असं हेमलता त्या दिवशी म्हणाली आणि तेव्हापासून तेच म्हणत आली. छापखानेवाल्यानं तिला नमस्कार करणं सोडलं आणि तिनं शिवलीलेशी बोलणं. चार वर्षांपूर्वी धाकटा दीर गेला तेव्हाही ती दारापर्यंत जाऊन आली, आत गेली नाही.

आता ती जाऊ समोर बसली होती. हेमलता पुढच्या बाकावरच्या तौफिक सय्यदला म्हणाली, "तौफिक, त्या बाईंना विचार, इथं कशाला आल्या?"

तौफिक बिचारा मागं वळला. बाई दोन हातांवर होत्या आणि त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"मॅडमना सांग," शिवलीला म्हणाली, "वीस वर्षं दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर बसले. खिडकीत आता मशीन बसलंय. सरकारनं नवं शिकायला तीन खेपा दिल्या, दोन गेल्या. ही तिसरी. ही गेली की घरी बसायचं. कुणाच्या तरी दारात भाकरी मागत बसायचं, तर ते मला जमणार न्हाई. म्हणून आले."

तौफिकनं वळून हे सांगायला तोंड उघडलं. "ऐकलं," हेमलता म्हणाली आणि विसावं नाव घेतलं.

*

हेमलता शिकवायची त्या कसोटी अकॅडमीत त्या वर्षी जे चाललं होतं ते आधी समजून घ्यायला हवं.

माणसाला काही चुकीचं दिसलं की, काय चुकलंय हे कळायच्या आधीच, कपाळामागे मेंदूत एक बारीकशी वीज हलते. सेकंदाचा पाव हिस्साही लागत नाही. नेहमीच्या भाजीचा पहिला घास तोंडात जातो आणि मीठ राहिलंय असा विचार यायच्या आतच हात थबकतो. तो थबकवणारी ही वीज. शास्त्रज्ञांनी तिला लांबलचक नावं दिली. मराठीत तिला नाव आधीपासून होतं: खटका.

प्रोग्रॅम आता यंत्रंच लिहीत. एका दुपारी इतकं लिहून ठेवत की वाचायला माणसाला वर्ष लागावं. वाचणं शक्य नव्हतं आणि न वाचता सोडणं परवडत नव्हतं. मग देवणीकर सरांनी, म्हणजे अकॅडमीच्या मालकांनी, पट्टी आणली. कपाळाला बांधायची. प्रोग्रॅम आणि त्याचं चालणं पडद्यावर भराभर सरकत राहायचं, हेमलता फक्त बघत बसायची, आणि जिथं तिच्या मेंदूत खटका उठेल तिथं पडदा थांबायचा. बहुतेक वेळा तिथं खरोखर चूक निघायची. सत्तावीस वर्षांची नजर होती ती.

खरी करामत पुढची. अकरा महिने तिचे खटके साठवून यंत्रानं तिच्या खटक्याची एक नक्कल तयार केली. हेमलताला काय खटकेल, हे आता हेमलताशिवाय सांगता येत होतं. विद्यार्थ्यांच्या पट्टीला बारीक डोळा आणि कान होते. विद्यार्थी जे बघे, ऐके, ते नकलेला कळायचं, आणि हेमलता जिथं खटकली असती तिथं विद्यार्थ्याच्या कानशिलाला चिमटा बसायचा. चिमटा बसला की हात वर करायचा. सहा महिन्यांत पोराला दहा वर्षांची नजर! हात नकलेबरोबर वर गेला तर गुण, नकलेशिवाय गेला तर शून्य.

यात एकच गोम होती. पट्टीला एवढंच कळायचं की खटकलं. काय खटकलं, का खटकलं, हे तिला कळायची काही सोय नव्हती. देवणीकरांनी मात्र दारावर पाटी लावली होती: 'माणूस खोटं बोलेल, खटका बोलत नाही.'

"मॅडम," त्यांनी हेमलताला खोलीत बोलावून सांगितलं, "दोन महिन्यांनी प्रात्यक्षिक आहे. निरामय घरपोच म्हणून औषधं पोचवणारी कंपनी आहे, चौदा हजार घरं, बहुतेक इन्सुलिनवाले पेशंट. त्यांचा नवा प्रोग्रॅम आपली बॅच त्यांच्यासमोर तपासणार. शंभरातल्या नव्वद वेळा पोरांचे हात तुमच्या खटक्याशी जुळले की झालं. दुसऱ्या दिवसापासून तुमचा खटका राज्यातल्या चाळीस केंद्रांत. तुम्ही मेलात तरी तुम्ही शिकवत राहाल."

"मी मरायची घाई नाही," हेमलता म्हणाली. पण तिला आनंद झाला होता. चाळीस केंद्रं! प्रमाणपत्रांवर सही करून करून बोटं दुखायची; आता सहीचीही गरज उरणार नव्हती, खटकाच पास-नापास ठरवणार होता.

*

शिवलीला वर्गात प्रश्न विचारायची. तौफिककरवी.

"तौफिक, मॅडमना विचार, पेशंटनं फोनवर 'निम्मी गोळी' म्हटलं तर मशीन काय समजतं?"

"त्यांना सांग, तो धडा पुढच्या आठवड्यात आहे."

कुठं चूक दिसली याच्या विद्यार्थ्यांनी टाकलेल्या नोंदी पडद्यावर यायच्या, खाली नाव असायचं. शिवलीला बिराजदार हे नाव दिसलं की पडद्याच्या कोपऱ्यात हेमलताचा खटका दाखवणारी तिच्या पट्टीची रेघ ताडकन वर उडायची. नोंद चूक असो वा बरोबर. ती हे बघत होती. यंत्रही बघत होतं, आणि शिकत होतं.

महिन्याभरात वर्गात एक गंमत सुरू झाली. शिवलीला बोलायला उठली की पोरं कानशील चोळायची. तिची नोंद पडद्यावर आली की बाकंच्या बाकं कपाळाला आठ्या घालायची. डबा खायला तिच्याजवळ कुणी बसेना. का, हे कुणाला सांगता येत नव्हतं. "बाई चांगल्या आहेत हो," तौफिक एकदा जिन्यात म्हणाला, "पण काय माहीत, त्यांच्याजवळ बसलं की डोकं ठणकतं."

हेमलताला ते ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला सांगा? आपण एकट्यानं जिला अकरा वर्षं पाण्यात पाहिलं, तिला आता चाळीस माणसं पाण्यात पाहतायत, आणि त्यासाठी आपल्याला एक शब्द खर्चावा लागला नाही. त्या रविवारी तिनं घरी पुरणपोळी केली.

प्रात्यक्षिकाला आठवडा राहिला तेव्हा शिवलीलेनं तिला जिन्यात अडवलं. मध्ये तौफिक नव्हता.

"अक्का, एक सांगा. सोमवारी पेशंट आला आन् तुम्ही म्हणालात, आठ दिवसांनी या. तर तो कवा येणार?"

अकरा वर्षांतला पहिला सरळ प्रश्न. हेमलता इतकी चमकली की उत्तर देऊन बसली. "सोमवारी."

"मग आठ दिवसांत दिवस किती?"

"आठ. डोकं फिरलंय का तुझं?"

"माझं न्हाई. निरामयवाल्यांच्या प्रोग्रॅमचं फिरलंय. तीनदा नोंद टाकली. तिन्ही खेपेला शून्य." एवढं बोलून ती जिना उतरून गेली.

हेमलता वर्गात आली ती चडफडतच. जिच्या दोन खेपा गेल्या ती मला शिकवणार! पण प्रश्न घशात काट्यासारखा बसला होता. दुपारचा वर्ग सुटल्यावर तिनं निरामयचा प्रोग्रॅम उघडला, आणि पट्टी आल्यापासून पहिल्यांदा पडदा पळवला नाही. जुन्या सवयीनं कागद घेतला, पेन घेतलं आणि तारखांचा भाग तेवढा ओळ न् ओळ वाचू लागली.

लोक औषध फोनवर बोलून मागवत. म्हणत, "आठ दिवसांचं पाठवा, आठ दिवसांनी परत पाठवा." ते ऐकून सर्व्हरवरचे दोन प्रोग्रॅम कामाला लागत. डबा भरणाऱ्या प्रोग्रॅमला शिकवलेलं होतं की मराठीत आठ दिवस म्हणजे एक आठवडा. तो सात दिवसांची इंजेक्शनं भरे. गाडी पाठवणारा प्रोग्रॅम सरळमार्गी होता. आठ म्हणजे आठ. तो तारखेत आठ मिळवे. सोमवारी सकाळी डबा आला की रविवारी रात्री संपायचा, आणि पुढची गाडी मंगळवारी यायची. मधला सोमवार कोरडा. हा प्रोग्रॅम एकटा तपासा, बरोबर. तो एकटा तपासा, बरोबर. आणि दोघांच्या फटीत, दर खेपेला एक दिवस, चौदा हजार घरं इन्सुलिनविना.

हेमलतानं कागदावर त्या सोमवाराभोवती गोल काढला. दवाखान्यात जायला तेवढा एक दिवस पुरतो. म्हाताऱ्याकोताऱ्यांना परत न यायलाही पुरतो.

मग तिनं आपल्या पट्टीची रेघ बघितली. रेघ सपाट होती. अगदी आताही! चूक कळली होती, पण खटकत नव्हती. कशी खटकेल? आठ दिवस म्हणजे आठवडा, आणि आठ म्हणजे आठ, ही दोन्ही वाक्यं ती जन्मभर बिनदिक्कत बोलत आली होती, आजच जिन्यात एका दमात बोलली होती. तिला न खटकणारं तिच्या नकलेला खटकणार नव्हतं, नकलेला न खटकणारं चाळीस पोरांना, आणि उद्या चाळीस केंद्रांतल्या हजारोंना. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायचा धंदा, आणि आपल्या डोळ्यातल्या मुसळाची छापील प्रत ती राज्यभर वाटायला निघाली होती.

तिनं शिवलीलेची नोंद उघडली. चार ओळी, स्वच्छ, बरोबर. खाली नाव. रेघ ताडकन उडाली.

*

"सर, प्रात्यक्षिक थांबवा."

देवणीकरांनी सगळं ऐकून घेतलं. "नोंद टाका ना. प्रणाली घेईल."

"टाकली. माझ्या नावानं टाकली. 'गुरूच्या खटक्याशी जुळत नाही' म्हणून परत आली." हे सांगताना तिचा आवाज चिरकला. "गुरू मी आहे!"

"आता नाही. आता खटका आहे." देवणीकर हसले. हा माणूस हसला की हेमलताला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटे. आज जास्तच वाटली. "करारात आपण तेच विकलंय, मॅडम. माणसाच्या तोंडी शब्दाला किंमत नाही. नंतर बघू, दुरुस्त करू."

"नंतर म्हणजे कधी? आठ दिवसांनी?"

"आणि भर सभेत उठून बोललात, तर मी सांगेन की हे दोन जावांचं भांडण आहे. ती नोंद कुणाची, हे त्यांना दिसेलच. अख्ख्या लातूरला तुमची पत्रिका पाठ आहे."

ती बाहेर आली. तो बोलला ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. तिच्या शब्दावर कुणी प्रोग्रॅम थांबवणार नव्हतं. थांबवला तर पट्ट्याच थांबवतील. आणि पट्ट्यांना एकाच गोष्टीची हमखास चीड होती.

यंत्रं प्रोग्रॅम लिहू लागल्यापासून कायदाच झाला होता की प्रत्येक प्रोग्रॅमच्या माथ्यावर एका माणसाचं नाव हवं: जबाबदार अमुक. चूक निघाली तर त्या माणसाची मान. प्रात्यक्षिकात कुठला प्रोग्रॅम कुणाच्या नावावर, हे हेमलताच ठरवायची.

शिवलीला आवारातल्या नळावर डबा धूत होती. एकटीच.

"तुझं नाव वापरायचंय," हेमलता म्हणाली. तिनं बेत सांगितला. गाडीचा प्रोग्रॅम शिवलीलेच्या नावावर टाकायचा. नाव दिसलं की चाळीसही जणांना चिमटा बसेल, पडदा थांबेल, लोकांना बघावंच लागेल.

शिवलीला डबा झटकत सगळं ऐकत राहिली. "म्हणजे माझं नाव बघून सगळ्यांच्या डोस्क्यात कळ येती. ती तुमची."

"हो."

"तरीच." तिनं झाकण लावलं. "वापरा की. अकरा वर्षं वापरताय, आनिक एकदा वापरा. पण प्रोग्रॅममधी चूक निघाली, तर जबाबदार मी. नापास मी. तिसरी खेप हाय माझी."

"मी बोलेन तेव्हा."

"तुम्ही?" शिवलीला तिच्याकडे बघत राहिली. "चूक तुमची असताना? कवा बोललाव?"

हेमलतानं वाहता नळ घट्ट बंद केला. ती तशीच माघारी वळली.

*

निरामयच्या कुलसुम पठाण नावाच्या बाई आल्या होत्या. शिडशिडीत, कमी बोलणाऱ्या. चाळीस जण पट्ट्या बांधून बसले. एकेचाळिसावीची पट्टी बाकावर पडलेली होती. जबाबदार माणसानं आपल्याच प्रोग्रॅमला हात वर करायचा नसतो.

पडदा सरकू लागला. दोन-चार खऱ्या चुकांवर हात झपकन वर गेले, देवणीकर माना डोलावत राहिले. मग माथ्यावर नाव आलं: जबाबदार शिवलीला बिराजदार. चाळीसच्या चाळीस हात वर! पडदा थांबला.

"काय चुकलंय?" पठाणबाईंनी विचारलं.

कुणाला सांगता येईना. तौफिक कानशील दाबत म्हणाला, "चिमटा बसला, मॅडम. जोरात बसला."

"जबाबदार कोण? तुम्ही सांगा."

शिवलीला उठली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेली. "बाई, सोमवारी म्हटलं आठ दिवसांनी या, तर वार कोणता?"

"सोमवार."

"ही मशीन गाडी मंगळवारी पाठवती. डबा भरणारी दुसरी मशीन सात दिवसांचाच भरती. मधल्या सोमवारी पेशंटनं काय टोचून घ्यावं?"

पठाणबाईंनी तारखेवर बोट ठेवलं, सरकवलं, परत ठेवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "परवा सुरू करणार होतो आम्ही हे," त्या म्हणाल्या.

आणि देवणीकर टाळ्या वाजवत उठले. "बघा! हाच तो खटका! चाळीस जणांना कळलं नाही काय चुकलंय, पण हेमलता मॅडमच्या खटक्यानं पकडलं! अर्थात, प्रोग्रॅम ज्यांच्या नावावर होता त्यांना नियमाप्रमाणे नापास करावं लागेल. वाईट वाटतं."

सगळे हेमलताकडे बघू लागले, कौतुकानं. पठाणबाईंनीसुद्धा हात जोडले. हेमलताला कळलं की आता फक्त गप्प बसायचं आहे. चौदा हजार घरं वाचलेली होती. चाळीस केंद्रं तिची होती. आणि जिचं तोंड बघवत नाही ती जाऊ, नियमानं, कायमची वाटेतून जात होती. असा योग माणसाच्या आयुष्यात दोनदा येत नाही. शिवलीला कॅलेंडरापाशी उभी होती. ती हेमलताकडे बघतसुद्धा नव्हती. हेमलता काही बोलणार नाही, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

त्या धरून ठेवण्याचा हेमलताला असा संताप आला की ती उठून उभी राहिली.

"तौफिक, त्या प्रोग्रॅमच्या माथ्यावरचं नाव काढ. माझं घाल. आणि पुन्हा पळव."

"मॅडम, याची गरज नाही," देवणीकर म्हणाले.

"तुम्ही बसा."

तौफिकनं नाव बदललं. तोच प्रोग्रॅम, तीच चूक. पडदा सरकत गेला. चाळीसपैकी एकही हात हलला नाही. गाडी पुन्हा मंगळवारी निघाली.

"खटका चुकीला नव्हता," हेमलता पठाणबाईंना म्हणाली. "नावाला होता. ही माझी जाऊ. मला ती आवडत नाही. माझ्या पट्टीनं एवढंच शिकून घेतलं आणि या चाळीस जणांना शिकवलं. चूक एकटीनं पकडली ती हिनं, पट्टी न जुमानता. तीनदा पकडली. तिन्ही वेळा मी शिकवलेल्या यंत्रानं तिला शून्य दिलं."

"हे घरगुती भांडण आहे," देवणीकर ओरडले. "पत्रिकेचं!"

"पत्रिकेचंच आहे." हेमलताचे कान तापले. समोर माणसं होती, तेव्हा होती तितकीच. "चौदा मे शनिवारी होता. चूक छापखान्याची नव्हती, माझी होती. शिवलीला बरोबर होती."

सभागृहात चाळीस माणसं एकदम "आई गं!" करून ओरडली. चाळीस हात एकाच वेळी कानशिलावर गेले. कुणी पट्टी उपसून काढली, कुणी बाकावर डोकं टेकलं. इतका जोराचा चिमटा त्या पट्ट्यांनी अजून कधी दिला नव्हता. दोघी जावा मात्र जागच्या हलल्या नाहीत, बिनपट्टीच्या.

*

निरामयवाल्यांनी प्रोग्रॅम परत नेला आणि करारही. देवणीकरांनी संध्याकाळच्या आत हेमलताला कपाट रिकामं करायला सांगितलं. खटक्याची नक्कल पुसून टाकायचं ठरलं. पण नियमाप्रमाणे त्या दिवसापुरती हेमलताची सही अजून चालत होती. पिशवी भरायच्या आधी तिनं बॅचचे कागद काढले आणि एकोणिसाव्या नावापुढे 'उत्तीर्ण' लिहून सही ठोकली.

शिवलीला प्रमाणपत्र घ्यायला आली. मध्ये टेबल होतं.

"अक्का, म्या माफ केलं असं समजू नका."

"मी मागितलीय कुठं?"

"न्हाई, आपलं सांगून ठेवलं."

"घे आणि जा."

शिवलीलेनं कागद घेतला. नाव वाचलं नाही, सही बघितली नाही. आधी तारीख बघितली, तारखेपुढचा वार बघितला, मग भिंतीवरच्या कॅलेंडराकडे वळून बोटानं रकाना मोजला. हेमलता श्वास रोखून उभी होती, आणि आपण श्वास रोखलाय याचाच तिला राग येत होता.

"बरोबर हाय," शिवलीला म्हणाली, आणि कागदाची घडी करून निघून गेली.